सुक्कलचा काळा कोट

सुक्कल हा शब्द आमच्या खाडीकाठच्या गावात कोणी शिवी म्हणून धरत नाही. लंगडणाऱ्या मेंढीला सुक्कल म्हणतात. दम्याने बेजार झालेला म्हातारा भिंतीला धरून चालला की "बघ, सुक्कल निघाला बिचारा" म्हणतात, आणि त्यात कळवळाच असतो. नवऱ्याच्या हातून कप फुटला की बायको म्हणते, "झालं! सुक्कल कुठला," आणि केरसुणी आणायला जाते. शर्यतीत शेवटून पहिला आला तो सुक्कल, पत्त्यांत सारखा हरतो तो सुक्कल, ज्याचं लग्न ठरता ठरता मोडलं तोही सुक्कल. इतरांना जे सहज जमतं ते ज्याला जमत नाही, त्याचा हा शब्द. सकाळी म्हटला आणि दुपारी विसरला, असा. पण एखाद्याला तो चिकटला की मात्र अंगावरच्या जन्मखुणेसारखा राहतो. मग लोक चिडवायलाही वापरत नाहीत; नावच पडतं.

लीवनला तो चिकटला तेराव्या वर्षी, बंदराच्या धक्क्यावर. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा बापाच्या बोटीवर जायचं होतं. थोरला भाऊ मारिनुस आधीच बोटीवर उभा होता, हात पुढे करून. धक्का आणि बोट यांच्यामधे पाण्याची काळी फट होती, माणसाचं पाऊल पडेल एवढीच. लीवनने त्या फटीत पाहिलं आणि त्याचे पाय जागीच थिजले. मारिनुस ओरडला, बोटीवरची माणसं हसली. बाप रागावला नाही. त्याने फक्त दोर सोडला आणि म्हणाला, "राहू दे त्या सुक्कलला." बोट गेली. लीवन धक्क्यावरच उभा राहिला, डबा हातात धरून.

आमच्याकडे पुरुष बोटीवर जातात, खाडीच्या तळातले काळे शिंपले खरवडून आणतात. बायका शेडमधे ते निवडतात. लीवन शेडमधे गेला. मोठ्या पिंपातून धुऊन आलेले शिंपले पट्ट्यावरून पुढे सरकतात. त्यातले फुटके, खेकडे, तारामासे उचलून टाकायचे, आणि तोंड उघडं पडलेला शिंपला बोटाने टिचकी मारून बघायचा. टिचकीने मिटला तर जिवंत. नाही मिटला तर मेलेला. बायकांच्या रांगेत हा एकटा पुरुष. शेजारी उभी राहणारी डिंगेना त्याच्या आईच्या वयाची, तोंडाने फटकळ. "लीवन, तुझा एप्रन माझ्यापेक्षा छान बसतो रे," म्हणायची. आणि थंडीत त्याच्या हाताला भेगा पडल्या की स्वतःच्या डबीतलं मलमही तीच लावायची.

लीवनला पाण्याचं भय कशाचं, हे गावात कोणी विचारत नसे. समुद्राने बांध फोडले त्या त्रेपन्न सालच्या महापुरात ज्याच्या घरातलं कोणी गेलं नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. पण बाकीच्यांनी ते भय कुठेतरी ठेवून दिलं होतं, आणि लीवन ते अंगावर घालून हिंडत असे. बांधावरच्या रस्त्याने तो कधी सायकल चालवत नसे. बांधाच्या खालून, शेतांच्या कडेने लांबचा फेरा घेई. घरात टब होता, पण तो तांब्याने अंगावर पाणी घेऊन आंघोळ करी. वारा पुराच्या रात्रीसारखा वायव्येकडून सुटला की त्याची जेवणावरची वासना जाई. आणि माळ्यावर, मधल्या तुळईला, एक कुऱ्हाड टांगलेली असे. पुरानंतर पुष्कळांनी माळ्यावर कुऱ्हाडी ठेवल्या होत्या. पाणी चढलं तर आतून छप्पर फोडता यावं म्हणून. मग वर्षं गेली, नवे बांध झाले, लोकांनी त्या कुऱ्हाडी खाली आणून लाकडं फोडायला घेतल्या. लीवनची मात्र तिथेच होती. दर जानेवारीत तो वर जाऊन तिला धार लावी, तेल चोळी आणि परत टांगून ठेवी.

कारण बापाने त्या रात्री कौलं फोडून भोक पाडलं होतं. मारिनुस बघता बघता त्यातून बाहेर गेला. मग आई गेली. मग पाच वर्षांच्या लीवनला बापाने वर ढकललं, आणि अर्धा बाहेर, अर्धा आत असताना त्याने तुळई धरली. बाहेर काळोख, वारा, आणि खाली जिथे अंगण असायचं तिथे लाटा. त्याने तुळई सोडलीच नाही. बाप ओरडत होता, आई बाहेरून केस धरून ओढत होती. मागे माळ्यावर आजी उभी होती, आपली पाळी येण्याची वाट बघत. शेवटी तो ओढला गेला. त्याच्यामागून बाप आला. आजी आली नाही. एवढंच लीवनला ठाऊक होतं. घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. तो बोललाही असता, पण बोलणार कोणापाशी? देवापाशी बोलायचा, जेवणाआधीच्या प्रार्थनेत, मनातल्या मनात.

त्याची बायको याकोमीना शांत बाई होती. ती त्याला सुक्कल म्हणे तेव्हा गळ्याभोवती मफलर गुंडाळत म्हणे, आणि तो शब्द तिच्या तोंडी ऐकताना लीवनला वाईट वाटत नसे. त्यांना पुष्कळ उशिरा एक मुलगी झाली, हेस्टर. तिने बापाचं नाक घेतलं होतं, बापाची लांब बोटं घेतली होती. आणखी काय घेतलं होतं, ते खाडीच्या तोंडाशी मोठ्या धरणाचं काम पुरं झालं त्या वर्षी कळलं.

जुन्या बोटवाल्यांना पोहता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की बर्फासारख्या पाण्यात पोहणारा नुसता मरायला जास्त वेळ घेतो. पण हल्लीच्या पोरांना शाळेतूनच पोहायला शिकवतात. तालुक्याच्या गावी आच्छादलेला तलाव आहे. बुधवारी शाळा अर्धी असते, मग आया आपापली पोरं सायकलवर घेऊन तिथे जातात. हेस्टरला लीवन नेई. तो काचेच्या पलीकडे, कॉफीच्या टेबलापाशी बसून राही, तलावाकडे पाठ करून.

पोहण्याची परीक्षा असते. अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून पोहायचं. खाडीत, कालव्यात पडणारं माणूस कपड्यांनिशीच पडतं म्हणून. आणि पाण्यात एक शीड उभं सोडलेलं असतं, निळं, जाड कापडाचं. त्याच्या मधोमध, पाण्याखाली, एक गोल भोक. बुडी मारायची आणि त्या भोकातून पलीकडे जायचं. बर्फाखाली सापडलेल्याने वर येण्याची वाट कशी शोधावी, त्याचा तो सराव.

हेस्टर पोहायला शिकली. पाठीवर, पोटावर, कपड्यांनिशी. शीड आलं आणि ती थांबली.

त्या बुधवारी आत आरडाओरडा ऐकून लीवनने वळून पाहिलं. सगळी पोरं पलीकडे गेली होती. हेस्टर एकटी अलीकडे होती, कडेचा लोखंडी दांडा धरून. शिकवणाऱ्या आन्सबाई तिच्या शेजारी पाण्यात उतरून काहीतरी समजावत होत्या. हेस्टर ऐकत नव्हती. ती त्या निळ्या कापडाकडे बघत होती, आणि तिची बोटं दांड्याभोवती अशी आवळली होती की पेरं पांढरी पडली होती. लीवनने ती बोटं पाहिली. ती पकड त्याला ओळखीची होती.

पलीकडून एक पोरगं ओरडलं, "चल ना गं, सुक्कलची सुक्कल!"

बाकीची पोरं हसली. सहज, पोरं हसतात तशी. दुपारपर्यंत विसरूनही गेली असती. पण लीवनला धक्क्यावरचा बापाचा आवाज आठवला. तोही सहजच होता.

परत येताना हेस्टर सायकलवर मागे बसली होती, ओलं डोकं त्याच्या पाठीला टेकवून.

"हेस्टर, अगं काही नाही त्यात," तो म्हणाला. "एक भोक आहे. जायचं आणि यायचं."

तिने डोकं उचललं. मग म्हणाली, "मग तुम्ही जा ना, बाबा."

तो पेडल मारत राहिला.

"तुम्ही गेलात तर मी जाईन," ती म्हणाली. चिडवून नाही. दुकानात कोणी वस्तूचा भाव सांगावा तसं.

त्यानंतर ती नीट जेवेना. मंगळवार आला की तिचं पोट दुखू लागे. रात्री तिच्या खोलीत दिवा चालू ठेवावा लागे. एकदा याकोमीना झाडायला माळ्यावर गेली तर हेस्टर तिथे उभी, त्या कुऱ्हाडीखाली. "ही कुणी वापरायची, आई? मला उचलता येईल का?" तिने विचारलं. त्या दिवशी याकोमीनाने भांडी घासता घासता नवऱ्याला सांगितलं, "लीवन, तुझं भय तुझ्यापुरतं होतं तोवर मी त्याला घरात जागा दिली. आता ते पोरीच्या खोलीत झोपायला लागलंय."

पुढच्या बुधवारी लीवन आन्सबाईपुढे जाऊन उभा राहिला. टोपी हातात.

"मोठ्या माणसांना शिकवता?"

"शिकवते की. कोणाला शिकायचंय?"

त्याला "मला" म्हणता येईना. त्याने टोपीनेच स्वतःच्या छातीकडे खूण केली.

आन्सबाई हसल्या नाहीत. "शुक्रवारी संध्याकाळी या. उथळ बाजूला," एवढंच म्हणाल्या.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेडमधे पट्ट्यापाशी डिंगेना म्हणाली, "ऐकलं का गं, आपला लीवन मासा होणार! आता बायकांच्या रांगेतून त्याला उचलून त्या पिंपात टाकायला हवा." सगळ्या हसल्या. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "पाणी कुठवर असतं रे तिथे?"

"छातीपर्यंत."

"आणि तू?"

"पहिल्या दिवशी पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशीही पायरीवरच."

"देव पायरीवर पण असतो," डिंगेना म्हणाली आणि एक मेलेला शिंपला टोपलीत भिरकावला.

मारिनुस आता स्वतःच्या बोटीचा धनी होता. आडदांड, लाल चेहऱ्याचा, गावात ज्याचा शब्द चाले असा. माल उतरवायला आला की शेडच्या दारातून हाक मारी, "सुक्कल! काय, बुडालास की नाही अजून?"

"नाही अजून."

"मला येतं का पोहता? नाही. पण बोटीवर जातो ना? पोहून कोणी बोटीवर चढत नसतो, लेका. काळीज लागतं."

लीवन मान खाली घालून शिंपल्यांना टिचक्या मारत राही.

आठवड्यामागून आठवडे तो जात राहिला. पाण्यात तोंड घालायला शिकला तेव्हा घरी येऊन ओकला. पाय उचलून तरंगायला शिकला त्या दिवशी सायकल ढकलतच घरी आणावी लागली. भय कमी झालं नाही, तसूभरही नाही. प्रत्येक शुक्रवारी दुपारपासून तो मनात म्हणे, प्रभू, आज तलाव बंद असू दे. तलाव कधी बंद नसे. फक्त एक फरक पडला होता. पूर्वी भय आलं की तो थांबे. आता भय आलं तरी हात पाणी मागे सारत राहत. आन्सबाईंनी त्याला शिडाच्या भोकातूनही नेलं, सुरुवातीला हात धरून, मग एकट्याला. दर वेळी मधे पोचला की कमरेशी कौलं टोचल्यासारखी वाटत. दर वेळी त्याला वाटे, मागे कोणीतरी उभं आहे, पाळीची वाट बघत.

परीक्षा जानेवारीतल्या एका शनिवारी ठरली. आधी मोठी माणसं, मग मुलं. त्याआधीच्या शुक्रवारी कपड्यांनिशी पोहण्याचा सराव होता, पण बोटी उशिरा आल्या, शेडमधून सुटका झाली नाही आणि लीवनचा तो एक धडा राहिला. आन्सबाईंनी निरोप धाडला: शनिवारी कपडे आणि बूट घालून या.

आता आमच्याकडच्या पुरुषाकडे कपडे दोन तऱ्हेचे असतात. एक कामाचे, शिंपल्यांच्या वासाचे. आणि एक रविवारचे. चार लोकांसमोर, परीक्षा घेणाऱ्या परक्या साहेबासमोर कामाचे कपडे घालून उभं राहायचं ही कल्पना लीवनला सुचलीही नाही, याकोमीनालाही नाही. तिने शुक्रवारीच त्याचा काळा सूट बाहेर काढला, ब्रशने साफ केला. बूट चमकवले. कोटाच्या खिशात, चर्चला जाताना असते तशी, प्रवचनात चघळायच्या पेपरमिंटच्या चकत्यांची गुंडाळी होती. ती तिने तशीच राहू दिली.

शनिवारी कपडे बदलण्याच्या खोलीतून लीवन बाहेर आला तेव्हा तलावावरची माणसं वळून बघू लागली. बाकीचे परीक्षार्थी विटके शर्ट, जुन्या पायजम्याच्या विजारी घालून उभे होते. त्यांच्यामधे हा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, काळा, लोकरीचा.

"लीवन," आन्सबाई हळूच म्हणाल्या, "हा लोकरीचा आहे?"

"लग्नातला आहे," तो म्हणाला.

"अहो, हा पाणी पिईल. दगडासारखा होईल."

"दुसरा आणला नाही."

त्यांनी साहेबाकडे पाहिलं. साहेब घड्याळाकडे बघत होता. मागच्या बाकांवरून मारिनुसचा आवाज आला. तो का आला होता देव जाणे, समुद्री बूट घालून बसला होता. "अरे, सुक्कल दफनाला निघाला! आधी दफन, मग बुडणं!"

लोक हसले. लीवनने हेस्टरकडे पाहिलं. ती मुलांच्या रांगेत पहिली उभी होती, जुना फ्रॉक आणि कापडी बूट घालून, ओठ मिटून. ती हसत नव्हती. तिचे डोळे म्हणत होते, सांगितलं होतं मी, तुम्ही गेलात तर.

तो पाण्यात उतरला.

पहिले काही हात कोटाने त्याला तरंगवलं, आतली हवा फुगून राहिली होती. मग लोकर पिऊ लागली. आधी बाह्या जड झाल्या, मग पाठ, मग विजारीचे पाय बुटांवर ओघळले. कोणी खांद्यावर चढून बसावं तसा कोट खाली दाबू लागला. लीवनने हात मारले. दम लागला. पुढे निळं शीड होतं, हातभर वर आलेलं, आणि त्याच्या खाली ते. आता परत फिरलास तर, त्याने स्वतःला सांगितलं, आणि वाक्य पुरं केलं नाही. डोकं खाली घातलं.

इतरांना खाली जायला धडपडावं लागतं. त्याला काही करावं लागलं नाही. कोट त्याला घेऊन गेला. भोक समोर आलं, गोल, काठाला दोरी ओवलेली. त्याने हात आत घातले, डोकं घातलं, छाती घातली. आणि थांबला.

कोटाची गुंडी दोरीत अडकली होती.

अर्धा पलीकडे, अर्धा अलीकडे. कानात घण पडत होते. त्याने पाय झाडले. गुंडी आणखी आवळली. हात आपोआप मागे गेला आणि भोकाचा काठ धरला. घट्ट. अगदी तसाच. तीच पकड. आणि मग जे त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं ते वाटलं: मागे कोणीतरी उभं आहे. पण या वेळी मागे खरोखरच कोणीतरी उभं होतं. रांगेत पहिली, कापडी बूट घालून.

लीवनने काठ सोडला. चाचपडत समोरच्या गुंड्या सोडवल्या, दोन्ही हात खांद्यांमागे नेले आणि कोट अंगावरून काढू लागला. ओली बाही सुटता सुटेना. पाण्याखाली त्याने ती दातांत धरून ओढली. छाती फाटायची वेळ आली होती. एक हात सुटला. दुसरा सुटला. तो नुसत्या शर्टानिशी पलीकडे निसटला, आणि त्याच्या तोंडावरून पेपरमिंटच्या पांढऱ्या चकत्या एकामागून एक खाली गेल्या.

तो वर आला, शिडाच्या मागे, कडेच्या दांड्याला धरून, मान खाली लोंबकळत. आवाज निघत नव्हता.

अलीकडे हेस्टर काठावर गुडघे टेकून बसली होती. पाण्यावर वाकलेल्या तिला शिडाने पलीकडचं दिसत नव्हतं. तिला फक्त भोक दिसत होतं, आणि भोकात काळा कोट, एक बाही हळूहळू हलणारी. बाप आत होता. हलत होता, मग हलेनासा झाला.

"बाबा!"

आन्सबाई तिकडून धावल्या, पण त्या पोचण्याआधी पोरगी पाण्यात होती. शिट्टी नाही, नाव पुकारणं नाही. ती सरळ खाली गेली. बाही धरली, ओढली. बाही रिकामी होती. भोकापाशी जाऊन तिने दोन्ही हातांनी कोट धरला, भोकात घुसली आणि पायांनी रेटा दिला. गुंडी तुटली. कोट आणि हेस्टर दोघं एकदम पलीकडे गेली.

ती वर आली ती लीवनच्या पुढ्यातच. त्याला बघितलं आणि रडू लागली, जोरात, राग आल्यासारखी. "मला वाटलं तुम्ही आत आहात! मला वाटलं तुम्ही कोटात आहात!"

"नाही गं," तो म्हणाला. "मी बाहेर आलो. मी आलो बाहेर." आणि तेच तेच म्हणत राहिला.

साहेबाने दोघांना काठावर घेतलं. कागद चाळला, कानामागे पेन्सिल खोवली, आन्सबाईंशी बोलला. मुलगी भोकातून गेली, कपड्यांनिशी गेली, बाकीचं पोहून दाखवलं की पास. वडिलांचं मात्र तसं नाही. कपडे शेवटपर्यंत अंगावर राहिले पाहिजेत असा नियम आहे. कोट सुटला. नापास.

"साहेब, पण—" आन्सबाई म्हणाल्या.

"असू द्या," लीवन म्हणाला. टॉवेलमधे दात वाजत होते. "नापासच आहे मी."

मारिनुस बाकावरून उतरून आला होता. त्याने बुटानिशी ओल्या फरशीवर उभं राहून तो कोट उचलला आणि पिळला, बोटीवर जाळं पिळतात तसा. पाणी निघतच राहिलं. लीवन वाट बघत होता, आता काहीतरी म्हणेल. मारिनुसचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने कोट दांडीवर टाकला आणि निघून गेला.

सूट एकच होता. शनिवारभर तो शेगडीपाशी वाळला आणि आखडला. रविवारी लीवन चर्चमधे बसला तेव्हा बाह्या मनगटाच्या वर आल्या होत्या आणि सगळ्या बाकाला तलावाच्या औषधाचा वास येत होता. मधली गुंडी नव्हती. बाजूला हेस्टर बसली होती, आणि रात्रभर शांत झोपलेल्या मुलाचं तोंड जसं दिसतं तसं तिचं दिसत होतं. मागच्या ओळीत डिंगेना पुटपुटली, "मफलर घाल रे सुक्कल, सर्दी होईल."

पुढच्या बाकावर मारिनुस होता. स्तोत्र सुरू झालं, आमच्याकडे गातात तसं, संथ, एकेका स्वरावर थांबत. सगळे गात असताना मारिनुस थोडा मागे रेलला. मान वळवली नाही. लीवनला त्याच्या लाल कानामागचा भाग तेवढा दिसत होता.

"लीवन," तो म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने हे नाव घेतलं नव्हतं. "पाण्याखाली डोळे उघडे ठेवतात की मिटतात?"

लीवनने पुस्तकातून मान वर केली नाही. "उघडे. मिटले तर भोक सापडत नाही."

एक कडवं संपलं. दुसरं सुरू झालं.

"मी मिटले होते," मारिनुस म्हणाला. "त्या रात्री, कौलांतून जाताना. मी काहीच बघितलं नाही."

लीवनचा हात सवयीने खिशात गेला. गुंडाळीचा लगदा झाला होता, तळाशी एकच चकती उरली होती, अस्तराला चिकटलेली. ती त्याने नखाने सोडवली आणि पुढच्या बाकाच्या पाठीवरून भावाच्या हातात दिली.

"शुक्रवारी संध्याकाळी," तो म्हणाला. "उथळ बाजूला. आधी पायरीवर बसायचं."

मारिनुसने चकती तोंडात टाकली. हात बाकाच्या काठावर होता, घट्ट आवळलेला.